प्रकल्प नोंदी: आरोग्यशाखांचे विद्यार्थी आणि प्रोबायोटिक्स – माहिती किती, वापर कसा

२ जून

चार शाखा ठरल्या: वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण आणि फिजिओथेरपी. पटावरची संख्या अनुक्रमे ४८०, ३००, २४० आणि १८०, एकूण १२००. साधन म्हणून छापील प्रश्नावली.

आधी 'जागरूकता' या शब्दाची फोड केली. या विषयावरच्या बऱ्याच प्रश्नावल्या 'प्रोबायोटिक हा शब्द ऐकला आहे का?' इथून सुरू होतात आणि 'हो' म्हणणाऱ्यांना जागरूक धरून मोकळ्या होतात. आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पुरेसं नाही. उद्या तो रुग्णाला सल्ला देणार आहे. म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या मोजायच्या: शब्द ऐकला आहे, व्याख्या ओळखता येते, आणि कोणता स्ट्रेन (एकाच जातीतला विशिष्ट वाण), किती मात्रेत, कोणत्या तक्रारीसाठी, कोणाला मुळीच नाही हे कळतं. तिन्हींचे गुण एकत्र करायचे नाहीत. प्रकल्पाचं सगळं वजन तिसऱ्या पायरीवर.

५ जून

व्याख्येवर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

आधार २००१ मधला: संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्या. २०१४ मध्ये तिची शब्दरचना किरकोळ सुधारली गेली, अर्थ तोच राहिला. मराठीत ती अशी लिहिली: 'पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव.' यजमान म्हणजे ते घेणारा. व्याख्येतला एकही शब्द गाळता येत नाही. 'जिवंत' गाळला की मृत पेशींपासून केलेलं उत्पादन आत येतं, आणि त्याला २०२१ पासून पोस्टबायोटिक ही वेगळी व्याख्या आहे. 'पुरेशा प्रमाणात' गाळलं की मात्रेचा प्रश्नच उरत नाही.

पहिल्या मसुद्यात 'सूक्ष्मजीव'ऐवजी 'चांगले जीवाणू' लिहिलं होतं. वाचायला सोपं, पण चूक. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या कुळातलं, आणि ते सर्रास वापरलं जाणारं प्रोबायोटिक आहे. 'जीवाणू' लिहिलं असतं तर आपल्याच व्याख्येने ते बाहेर पडलं असतं आणि पुढे त्याच्यावरच प्रश्न आला असता. 'जंतू' शब्द तर नकोच, कारण तो कानावर पडला की रोगच आठवतो आणि उत्तर तिथेच झुकतं.

दुसरी अडचण लिपीची. 'प्रोबायोटिक' आणि 'प्रीबायोटिक' (उपयोगी सूक्ष्मजीवांचं खाद्य) यांत फरक एका स्वरचिन्हाचा. १० पॉइंटच्या छपाईत, झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीवर, काना-मात्रा आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. विद्यार्थ्याला फरक माहीत असूनही तो चुकेल आणि आपण ते अज्ञान म्हणून मोजू. उपाय: अक्षर १४ पॉइंट, 'प्रो' आणि 'प्री' ठळक, आणि हे दोन शब्द एकाच विधानात शेजारी-शेजारी आणायचे नाहीत.

९ जून

ज्ञानाच्या भागाचा पहिला मसुदा, २४ विधानं. प्रत्येकाला तीन पर्याय: बरोबर, चूक, माहीत नाही.

'माहीत नाही' ठेवण्यामागे हिशोब आहे. समजा २० विधानं आहेत आणि फक्त दोनच पर्याय. कोणी डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरी १० गुण पडतात. 'साठ टक्क्यांवर समाधानकारक' ही नेहमीची रेषा म्हणजे १२ गुण. नुसत्या नाणेफेकीने १२ किंवा अधिक गुण पडण्याची शक्यता साधारण २५ टक्के. म्हणजे काहीही न जाणणाऱ्या चौघांतला एक 'समाधानकारक' ठरेल.

सगळी विधानं बरोबर असली तर प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा पैकीच्या पैकी गुण घेतो. म्हणून निम्मी विधानं चूक ठेवली. मात्र चूक विधान 'नाही' घालून बनवायचं नाही. 'प्रोबायोटिक जिवंत नसतात' याला 'चूक' म्हणताना वाचणारा दोनदा अडखळतो, आणि ती परीक्षा व्याकरणाची होते.

टिकलेली काही विधानं:

'सर्व प्रोबायोटिक्स शीतकपाटातच ठेवावी लागतात.' चूक. बॅसिलस क्लॉसीसारखे बीजाणू करणारे आणि नीट वाळवलेले काही स्ट्रेन खोलीच्या तापमानाला टिकतात. लेबल सांगेल तसं.

'जीवाणूंवरच्या प्रतिजैविकाने सॅकरोमायसिस बुलार्डी मरतं.' चूक, ते यीस्ट आहे. बुरशीरोधक औषधाने मात्र मरतं.

'एका स्ट्रेनचा सिद्ध झालेला फायदा त्याच जातीच्या दुसऱ्या स्ट्रेनला आपोआप लागू होतो.' चूक. सगळ्या प्रश्नावलीतलं हे सर्वांत महत्त्वाचं विधान.

'आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक असतो.' चूक. त्यात जिवंत सूक्ष्मजीव असतीलही, पण स्ट्रेन ठरलेला नाही, मात्रा मोजलेली नाही, लाभ तपासलेला नाही. शिवाय तापवल्यावर बरेचसे मरतात.

प्रश्न ९ वर अडकलो. विधान होतं: 'प्रोबायोटिक्स सुरक्षित असतात.' बरोबर धरायचं की चूक?

१२ जून

प्रश्न ९ चं उत्तर 'कोणासाठी?' यावर आहे. निरोगी प्रौढांत गंभीर त्रास क्वचितच दिसतो. पण २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रोपॅट्रिया चाचणीचा निष्कर्ष आला. तीव्र होण्याची शक्यता असलेल्या स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक मिश्रण दिलं होतं. त्या गटात मृत्यू १६ टक्के, प्लासिबो (औषधविरहित नकली डोस) गटात ६ टक्के. मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णांत बुलार्डी रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. पाकीट रुग्णाच्या खाटेजवळ फोडलं तरी भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि नळीपर्यंत पोचते. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत ते निषिद्ध ठरवलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला.

इतकं सगळं 'सुरक्षित' या एका शब्दात कोंबलं तर जास्त जाणणारा विद्यार्थीच 'चूक' म्हणेल आणि गुण गमावेल. प्रश्न फोडला:

९अ. 'निरोगी प्रौढ व्यक्तीत प्रोबायोटिकमुळे गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात.' बरोबर.
९ब. 'मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या अत्यवस्थ रुग्णाला सॅकरोमायसिस बुलार्डी देऊ नये.' बरोबर.

१४ जून

लेबलवाचनाचा भाग जोडला. एक काल्पनिक लेबल काढलं: लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, प्रति कॅप्सूल १० अब्ज सीएफयू (वसाहत करू शकणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांची गणती) उत्पादनाच्या वेळी, साठवण, मुदत. प्रश्न तीन: स्ट्रेन दाखवणारा भाग कोणता, सीएफयू म्हणजे काय, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीही १० अब्ज असतील याची हमी हे लेबल देतं का. शेवटच्याचं उत्तर 'नाही'. 'उत्पादनाच्या वेळी' हे दोन शब्द वाचले तरच ते सापडतं.

नावाचा घोळ टाळायला हवा. एप्रिल २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती २५ प्रजातींत विभागली गेली. ऱ्हॅम्नोसस लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये गेलं, प्लँटारम लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये, ॲसिडोफिलस मात्र लॅक्टोबॅसिलसच राहिलं. जुन्या पुस्तकावर शिकलेल्याला नवं नाव परकं वाटेल, म्हणून लेबलखाली जुनं नावही छापलं. नामांतराची माहिती तपासायची नाही, 'जीजी' ही अक्षरं स्ट्रेन आहेत हे ओळखता येतं का ते पाहायचं.

संख्येबद्दल: बिलियन म्हणजे १ अब्ज म्हणजे १०० कोटी. मसुद्यात एका ठिकाणी '१० बिलियन' आणि दुसरीकडे '१०० कोटी' आलं होतं, म्हणजे दहापट फरक. सगळीकडे 'अब्ज' केलं.

१९ जून

सहा तज्ज्ञांकडून आशयाची पडताळणी. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, ३ किंवा ४ म्हणजे 'सुसंगत'. सहापैकी पाच जण सहमत असले तर निर्देशांक ०.८३, म्हणजे ठेवायचं. चारच असले तर ०.६७, म्हणजे पुन्हा लिहायचं किंवा काढायचं. पाच विधानं गळली. त्यातलं एक प्रोबायोटिकच्या कल्पनेचा जनक मानल्या जाणाऱ्या मेच्निकॉफबद्दल होतं. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं हे खरं, पण रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. ते माहीत नसल्याने रुग्णाच्या सल्ल्यात काही फरक पडत नाही. मूळ २४ मधलं ९ फुटून २५ झाली होती, आता २०.

९ब बद्दल शेरा आला: 'पदवीच्या विद्यार्थ्याला अवघड.' ठेवलं. परिचर्येच्या विद्यार्थ्याच्याच हातात उद्या ते पाकीट असणार आहे.

२२ जून

पानांचा क्रम. वापराचे प्रश्न विचारण्याआधी व्याख्या सांगावीच लागते, नाहीतर जो तो आपापल्या समजुतीने 'हो' म्हणतो. पण व्याख्या आधी दिली की ज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरं आपणच फोडली. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'मागे' बटण असतं, व्याख्या वाचून मागे जाऊन खूण बदलता येते. कागदावर उपाय सोपा: दोन वेगळ्या पुस्तिका. पिवळी – ज्ञान. ती परत घेतल्यावरच हिरवी – व्याख्या आणि वापर. दोन्हींवर एकच सांकेतिक क्रमांक, नाव कुठेच नाही.

'तुम्ही प्रोबायोटिक वापरता का?' हा प्रश्न चार तुकड्यांत: गेल्या तीन महिन्यांत स्वतः घेतलं का, कोणत्या स्वरूपात, कोणाच्या सांगण्यावरून, आणि दुसऱ्या कोणाला सुचवलं का. 'सुचवलं' हा तुकडा बहुतेक ठिकाणी नसतो, आणि आरोग्यशाखेत तोच खरा वापर. शेवटी मोकळी ओळ: 'शेवटचं घेतलेलं उत्पादन कोणतं?'

२४ जून

नीतिमत्ता समितीकडे अर्ज. विद्यार्थ्याने नकार दिला तर शिक्षकाच्या डोळ्यावर येण्याची भीती असते, म्हणून अर्जातच लिहिलं: फॉर्म वाटताना शिक्षक वर्गाबाहेर, कोरी पुस्तिकाही पेटीत टाकता येईल. मंजुरीपूर्वी चाचणी फेरीही नाही.

२८ जून

नमुना. अंदाजित प्रमाण ५० टक्के, चूक ±५, विश्वासपातळी ९५ टक्के: १.९६ × १.९६ × ०.२५ ÷ ०.००२५ = ३८४.१६. पट १२०० चा असल्याने मर्यादित संख्येची सुधारणा: ३८४.१६ ÷ (१ + ३८३.१६ ÷ १२००) = २९१.२, म्हणजे २९२. दहा टक्के प्रतिसाद येणार नाही असं धरून २९२ ÷ ०.९, म्हणजे ३२५.

पटाच्या प्रमाणात वाटल्यावर वैद्यक १३०, परिचर्या ८२, औषधनिर्माण ६५, फिजिओथेरपी ४९. इथे थांबलो. ४९ जणांवरून काढलेल्या टक्केवारीत ±१४ ची चूक असते, छोट्या पटाची सुधारणा धरली तरी ±१२. शाखांची तुलना करायची म्हणायचं आणि एका शाखेचा आकडा इतका डळमळीत ठेवायचा, हे पटलं नाही. फिजिओथेरपीचे ९० घेतले, चूक ±७ वर आली. एकूण ३६७.

याची किंमत पुढे मोजावी लागते. फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी आता पटावरच्या २ जणांचं प्रतिनिधित्व करतो, बाकीच्या शाखांतला साधारण ३.७ जणांचं. एकत्रित टक्केवारी काढताना हे भार लावले नाहीत तर पटावर १५ टक्के असलेली शाखा नमुन्यात २४.५ टक्के भरेल. विश्लेषणाच्या फाइलमध्ये 'भार' हा रकाना आजच टाकून ठेवला.

४ जुलै

निवड पटावरून, यादृच्छिक. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नावासमोर रँड फंक्शन लावून क्रम लावला. हे फंक्शन फाइल उघडली की, कुठेही काही टाइप केलं की, नवे आकडे देतं. दुपारची यादी सकाळच्या यादीशी जुळेना ती यामुळेच. आकडे 'फक्त मूल्य' म्हणून चिकटवले, मग क्रम लावला आणि फाइल कुलूपबंद केली.

१८ जुलै

मंजुरी १५ तारखेला आली. आज चाचणी फेरी: पटाबाहेरच्या, नुकतीच शेवटची परीक्षा दिलेल्या तुकडीतले ३० जण. वेळ २० मिनिटं धरला होता, तो पुरला.

चूक निघाली ती 'किती वेळा' या प्रश्नात. पर्याय होते: रोज, आठवड्यातून १-२, आठवड्यातून ३-५, क्वचित. प्रतिजैविकाच्या कोर्सबरोबर पाच दिवस रोज घेऊन थांबलेल्याने काय लिहायचं? रोज घेतलं हे खरं, आणि तीन महिन्यांत एकदाच हेही खरं. प्रोबायोटिकचा वापर बऱ्याचदा असाच ठरावीक दिवसांचा असतो. नवे पर्याय: ठरावीक दिवसांचा कोर्स, नियमित, अधूनमधून.

२० जुलै

विधानांचं विश्लेषण. ३० जणांचे वरचे आणि खालचे २७ टक्के म्हणजे प्रत्येकी ८. भेदक्षमता, म्हणजे जाणणारे आणि न जाणणारे यांना विधान किती वेगळं करतं, = (वरच्या ८ मधले बरोबर – खालच्या ८ मधले बरोबर) ÷ ८. एका विद्यार्थ्याने आकडा ०.१२५ ने हलतो, म्हणून ०.२ च्या नेहमीच्या रेषेवर इथे जीव टाकण्यात अर्थ नाही. विधान वाचून, उत्तरं वाचून ठरवायचं.

९ब ची भेदक्षमता जवळपास शून्य. वरच्या गटातही बरोबर उत्तरं फारच थोडी, बहुतेकांची खूण 'माहीत नाही' वर. विधान काढलं की विश्वसनीयतेचा केआर-२० गुणांक (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा) थोडा वर जातो. तरी काढलं नाही. गुणांक वाढवण्यासाठी प्रश्नावली सोपी करत नेली तर शेवटी सगळ्यांना येतं तेवढंच उरतं, आणि जे कळायला हवं होतं तेच गळतं. अहवालात ९ब स्वतंत्र दाखवायचं.

बदललेली पानं सुधारणा म्हणून समितीकडे परत पाठवली. तीन ओळींचाच बदल, पण मंजूर प्रतीपेक्षा वेगळी पुस्तिका वाटता येत नाही.

२९ जुलै ते २ ऑगस्ट

वाटप. चारही शाखा पाच दिवसांत, एका शाखेचे सगळे एकाच सत्रात. दिवस लांबले की प्रश्न वसतिगृहात फिरतात. पिवळी पुस्तिका परत आल्याशिवाय हिरवी हातात नाही, हा नियम एकदाही मोडला नाही.

६ ऑगस्ट

नोंदणी. 'माहीत नाही'ला संकेत ८, कोऱ्या जागेला ९. दोन्ही ० केले तर न वाचलेला प्रश्न आणि प्रामाणिक अज्ञान एकच होऊन बसतं. गुण देताना ८ ला ० गुण, ९ ची संख्या वेगळी.

एक रकाना बिघडला. आंबवलेले पदार्थ आठवड्यातून किती वेळा, याच्या उत्तरात '१-२' टाइप केलं की स्प्रेडशीट ते तारखेत बदलते आणि चौकटीत फेब्रुवारी किंवा जानेवारी दिसू लागतो. नंतर रकाना मजकूर केला तरी मूळ नोंद परत येत नाही, तारखेचा पाच आकडी अनुक्रमांक उरतो. रकाना आधी मजकूर स्वरूपात करायचा, मग टाइप करायचं. आता पर्यायांना थेट १, २, ३ संकेत दिले आणि तो रकाना पुस्तिकांवरून पुन्हा भरला. दहा टक्के पुस्तिका दुसऱ्या व्यक्तीने भरल्या, फरक आला तिथे मूळ पान उघडलं.

१० ऑगस्ट

मोकळ्या ओळीचं वर्गीकरण. 'प्रोबायोटिक घेतलं' म्हणणाऱ्यांनी लिहिलेल्या नावांत क्षारसंजीवनी (ओआरएस) आहे, पाचक एन्झाइमचं सिरप आहे, जीवनसत्त्व ब संकुल आहे, इसबगोल आहे. अतिसारात किंवा प्रतिजैविकाबरोबर ही सगळी एकाच चिठ्ठीवर येतात, म्हणून मनात एकत्र बसतात. संकेत पाच: स्ट्रेन ओळखता येणारं प्रोबायोटिक, स्ट्रेन न सांगितलेलं, आंबवलेला पदार्थ, प्रोबायोटिक नसलेलं, नाव आठवत नाही. दोघांनी स्वतंत्र संकेत दिले, मतभेदाची नावं एकत्र बसून सोडवली.

'वापरतो' ही टक्केवारी आता दोनदा द्यायची: विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणे आणि या वर्गीकरणानंतर. ही मोकळी ओळ नसती तर दुसरा आकडा कधीच हाती आला नसता.

१४ ऑगस्ट

तक्ते. ८० आणि ६० टक्क्यांच्या रेषा मारून 'उत्तम, मध्यम, कमी' असे तीन ढीग करायचे नाहीत. ११ आणि १२ गुणांत असा काय फरक आहे? प्रत्येक विधानाची टक्केवारी, 'माहीत नाही' वेगळं, भार लावून. शाखांच्या तुलनेत ज्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी, तिथे काय-वर्ग (कायस्क्वेअर) कसोटीऐवजी फिशरची अचूक कसोटी.

१७ ऑगस्ट

उत्तरपत्रिका सगळ्या वर्गांत लावली. प्रश्नावलीत निम्मी विधानं जाणूनबुजून चूक होती. ती वाचून कोणी तीच खरी धरून गेलं तर नुकसान आपण केलं. शेवटची पुस्तिका जमा होईपर्यंत मात्र ती लावता येत नव्हती.

९ब खाली चार ओळी: 'बरोबर. मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या, अत्यवस्थ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला सॅकरोमायसिस बुलार्डी देऊ नये. अशा रुग्णांच्या आसपास दुसऱ्या कोणाला द्यायचं असलं तरी पाकीट किंवा कॅप्सूल त्या खोलीत फोडू नये. फोडताना हातमोजे घालावेत, नंतर ते लगेच टाकून हात धुवावेत. मग नळीला हात लावावा.'